जादा भाव देणाऱ्या हिरडा व्यापाऱ्याचा काटा आधी बघा

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातल्या लोकांसाठी हे लिहितोय. अकोले आणि खेडच्या वरच्या गावांनीही वाचावं, कारण आम्हाला फसवून गेलेला हा हिरड्याचा व्यापारी एका खोऱ्यात दोन सीझन टिकत नाही.

आमच्याकडे भात, नाचणी, वरई पिकते ती घरात खाण्यापुरती. लावणीचं खत, पोरांची फी, दवाखाना, पावसाळ्याचा बाजार हे सगळं निघतं बाळहिरड्यातून, म्हणजे हिरड्याच्या वाळवलेल्या कोवळ्या फळांतून. कोवळ्या फळात आठळी धरायच्या आत झोडायचा, वेचायचा आणि कातळावर पसरून काळा पडेपर्यंत वाळवायचा. वाळल्यावर वजन निम्म्याच्याही खाली येतं. मधेच वळीव आला तर अख्खी आळी पाट्या घेऊन कातळाकडे पळते. झाडावरून पडून हातपाय मोडलेली माणसं प्रत्येक वाडीत सापडतील. त्यामुळे किलोमागे दहा रुपये जास्त मिळणार असतील तर माणूस वळतोच, त्यात नवल काही नाही.

या व्यापाऱ्याने नेमकं तेच हेरलं. नेहमीचे व्यापारी १७० देत होते, याने १८० सांगितले. शिवाय माल दारातून उचलणार, म्हणजे घोडेगावच्या बाजारापर्यंतचं भाडं वाचलं. होळीच्या सुमाराला येऊन त्याने घरटी थोडीथोडी उचलही दिली होती, बोली एकच: हिरडा दुसऱ्याला घालायचा नाही. उचल घेतलेली असली की भाव पटला नाही तरी तोंड उघडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आदिवासींना असं आगाऊ पैशात बांधून त्यांचा माल उचलायचा धंदा जुना आहे. तो मोडावा म्हणून १९७६ साली राज्यात कायदा झाला आणि एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे असा माल सरकारनेच घ्यायचा. पण सरकारी खरेदी केंद्र उघडायची वाट बघायला घरात पैसा लागतो. तोच नसतो.

आता हिशेब बघा. खरं वजन ३० किलो असलेली गोण त्याच्या काट्यावर २७ भरायची. त्यातून बारदानाचा एक किलो वजा. प्लास्टिकची रिकामी गोणी शे-सव्वाशे ग्रॅमची, ज्यूटचं पोतं असलं तरी अर्ध्या किलोच्या आसपास. मग मूठभर हिरडा हातात घेऊन दाबायचा, एखादा दाताखाली धरायचा आणि म्हणायचं, "ओल आहे अजून, दोन किलो सोडा." राहिले २४. १८० ने झाले ४,३२०. तीच गोण सरळ काट्यावर १७० ने घातली असती तर पाच हजारांच्या वर गेली असती. म्हणजे जादा भाव देऊन त्याने गोणीमागे साडेसातशेच्या वर कापले. वाडीत कोणाच्या चार गोण्या, कोणाच्या सहा. तुम्हीच गुणाकार करा.

बारदान आणि ओलीचं निदान डोळ्यांना दिसत होतं. काट्याचं बिंग माझ्या चुलतीनं फोडलं. काटा हुकाचा, बॅटरीवरचा, पिकअपच्या आडव्या पाईपला टांगलेला आणि पडदा कायम त्याच्या बाजूला. चुलतीच्या पडवीत भातासाठी आणलेली युरियाची न फोडलेली गोणी होती. ती ४५ किलोची असते, तसं वर छापलेलंच असतं. आमच्या दोघा चुलतभावांकडून तिनं ती उचलून आणवली.

"शेठ, एवढी एक लावा काट्याला."

"काय मावशी, खत पण विकायला काढलं का?"

"इकायचं न्हाय. जोखायचंय."

सगळी आळी उभी होती, नाही म्हणता येईना. मी पडद्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. ४० किलो ६०० ग्रॅम. दहा टक्के गायब. म्हणाला, बॅटरी उतरलीय. बॅटरी उतरली म्हणून दर वेळी बरोबर दहा टक्केच वजन कसं कमी होईल? त्याला उत्तर नव्हतं. पोराला हाक मारली, भरलेल्या गोण्या तशाच घेऊन गाडी काढली. त्या फेरीच्या मालाचे निम्मे पैसे बाकी होते, "मिरगाच्या आत देतो" म्हणाला. तेव्हापासून फोन बंद.

तुम्ही म्हणाल, पावत्या कुठेत? पावती मागितली की तो म्हणायचा, "हिरडा जंगलाचा. कागद केला तर फॉरेस्टवाले तुम्हालाच धरतील." हे ऐकून म्हातारी माणसं गप्प बसायची. हे धादांत खोटं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज, म्हणजे हिरड्यासारखा जंगलातला माल, गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आपल्याला दिलाय. आपल्या बांधावरच्या झाडाचा तर प्रश्नच येत नाही. पावती नको म्हणणारा स्वतःची कातडी वाचवत असतो.

काट्याबद्दलही सांगतो. व्यापाराच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मोहोर लागते आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. पडताळणीचं प्रमाणपत्र व्यापाऱ्याकडे असलंच पाहिजे, मागायला लाजू नका. माल टांगायच्या आधी पडद्यावर शून्य आहे का ते स्वतः बघा. आणि हे दिसत नसेल तर चुलतीचा उपाय आहेच, सीलबंद गोणी कुठल्याही घरात सापडते.

आम्ही वैधमापनच्या निरीक्षकांकडे तक्रार दिली. त्यांचं म्हणणं, काटा हातात हवा, तो तर गाडीबरोबर गेला. पोलिसांत त्याने दिलेल्या वजनाच्या चिठ्ठ्या दाखवल्या. पण चिठ्ठी म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर नुसते आकडे, ना नाव ना सही. आमचे पैसे अजून अडकलेलेच आहेत. वाडीत सुटले ते एकाच घराचे. त्यांच्या सुनेनं प्रत्येक गोणीच्या वेळी मोबाईलवर फोटो काढले होते आणि त्यात काट्याचा पडदा, तो स्वतः आणि गाडीचा नंबर तिन्ही आलं होतं. तिनं ते फोटो गाडीमालकाला दाखवले. गाडी भाड्याची होती. मालकानं त्याला शोधून काढून तिची बाकी आणून दिली, बाकीच्यांचं मात्र "तुमचं तुम्ही बघा" म्हणाला.