हॉल आणि आईची खोली: जास्त आउटपुटचा एव्हीआर घ्यायचा की वेगळा मॅट्रिक्स?

सोर्स चार आणि स्क्रीन तीन झाल्या की प्रश्न एकच उरतो: जुना एव्हीआर (चित्र स्क्रीनकडे आणि आवाज स्पीकरना देणारा ॲम्प) काढून वरच्या मॉडेलचा, जास्त एचडीएमआय आउटपुटवाला घ्यायचा, की आहे तो ठेवून त्याच्या आधी एक मॅट्रिक्स (कुठलाही सोर्स कुठल्याही आउटपुटला जोडणारा खोका) बसवायचा. मी यातून गेलोय. आमच्याकडे हॉलमध्ये ५५ इंची ४के टीव्ही, त्याच भिंतीवर वरून खाली येणारा पडदा आणि १०८०पीचा प्रोजेक्टर, आणि पॅसेज ओलांडून आईच्या खोलीत जुना ३२ इंची. सोर्स म्हणजे सेटटॉप बॉक्स, फायर स्टिक, पीएस४ आणि ब्लू-रे प्लेअर, सगळे हॉलच्या युनिटमध्ये.

टीव्ही आणि प्रोजेक्टर एकाच खोलीत असतील आणि तेवढंच हवं असेल तर विचारच करू नका, दोन आउटपुटचा साधा एव्हीआर पुरतो, ती सोय त्याचसाठी दिलेली असते. दोन्हीवर चित्र तेच येतं आणि दोन्ही एकदम चालू ठेवले तर ४के टीव्हीलाही बहुतेक प्रोजेक्टरच्या १०८०पीवर उतरावं लागतं, पण एका वेळी एकच बघायचं असल्यामुळे त्याचं काही अडत नाही. घोळ सुरू होतो तो दुसरी खोली आली की, कारण तिथे वेगळं चित्र लागतं.

मी आधी स्वस्तातला मार्ग धरला होता, पाच इनपुटचा स्विच आणि त्याच्या पुढे एकास दोन स्प्लिटर, एक वायर एव्हीआरला आणि एक आईच्या खोलीत. आई साडेसात ते नऊ सिरियल बघायची तेव्हा हॉलमध्ये आम्ही कोणी नसायचो, त्यामुळे चालून जायचं. मग क्रिकेटचा सीझन आला. मॅच चालू असताना आईही तिच्या खोलीत तीच मॅच थोडा वेळ बघायची आणि साडेदहाच्या सुमारास टीव्ही बंद करून झोपायची, आणि तिने बंद केला की इकडे हॉलमधला पडदा काळा. तीन-चार सेकंद काहीच नाही, एव्हीआरच्या काचेवरचं डॉल्बी (सराउंड आवाज येत असल्याची खूण) जाऊन रिकामी रेघ, मग चित्र परत यायचं. सकाळी तिने बातम्या लावल्या की याच्या उलट, चित्र यायचं पण एव्हीआरवर नुसतं स्टिरिओ आणि मागचे दोन्ही स्पीकर गप्प. रात्रीचा तो काळा पडदा दोनदा तर शेवटच्या ओव्हरमध्ये झाला.

कारण कळायला मला बरेच दिवस गेले. टीव्ही चालू किंवा बंद झाला की तो हॉट प्लगची, म्हणजे मी जोडलेला आहे असं सांगणारी, लाइन हलवतो (सगळे टीव्ही नाही हलवत, आमचा ३२ इंची हलवायचा), स्प्लिटरला वाटतं जोडणी बदलली, तो दोन्ही टीव्हींना नव्याने विचारतो तुम्हाला काय काय जमतं, म्हणजे तेच ईडीआयडी, आणि जे दोघांनाही जमेल तेवढंच सोर्सला सांगतो. आईच्या टीव्हीने सांगितलं मला १०८०पी आणि स्टिरिओ, तर हॉललाही तेच. वर एचडीसीपीची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाची, ओळखपरेड पुन्हा पहिल्यापासून, ते काळे सेकंद त्याचेच.

हे सगळं मी सहन केलं असतं, पण आईला कळलं की तिच्या टीव्हीमुळे आमची मॅच जाते, आणि ती झोपायच्या आधी दारात येऊन विचारायला लागली, "बंद करू का रे आता?" ओव्हर संपेपर्यंत थांब म्हटलं की पलंगावर बसून राहायची, डोळे मिटायला आलेले असायचे. स्वतःच्या खोलीतला टीव्ही बंद करायला आईने माझी परवानगी घ्यायची हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी स्प्लिटर काढला आणि माझा निर्णय खरं तर तिथेच झाला, पुढची सगळी शोधाशोध या एका गोष्टीभोवती.

वरच्या एव्हीआरमध्ये झोन २चं एचडीएमआय आउटपुट मिळतं, म्हणजे दुसऱ्या खोलीत खरंच वेगळा सोर्स जातो. मित्राकडे असा सेट आहे, दोन संध्याकाळी बसून बघितलाय. एकच खोका, एकच ॲप, वायरिंग सुटसुटीत, आणि त्याच्याकडे तो काळा पडदा मला दिसला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. माझी अडचण अशी की आतल्या खोलीत नुसती सिरियल लावायची तरी अख्खा ॲम्प जागा ठेवावा लागतो. त्याच्या एव्हीआरच्या झाकणावर हात ठेवला तर हॉलमध्ये काहीच चालू नसताना चांगलं कोमट लागत होतं, आणि उन्हाळ्यात बंद कपाटात ते मला नको होतं. शिवाय एचडीएमआयची पिढी बदलली की आवाजासाठी उत्तम चाललेला ॲम्पही बदलायचा. २०१३ला एचडीएमआय २.० आलं १८ जीबीपीएसचं (डेटा वाहायचा वेग), २०१७ला २.१ आलं ४८चं, आणि स्पीकर मात्र माझे तेच आहेत.

म्हणून मी चार इनपुट दोन आउटपुटचा मॅट्रिक्स घेतला आणि तो एव्हीआरच्या आधी लावला. चारही सोर्स मॅट्रिक्समध्ये, पहिलं आउटपुट जुन्या एव्हीआरला (त्याची दोन आउटपुटं टीव्ही आणि प्रोजेक्टरला आधीसारखीच), दुसरं आईच्या खोलीत. मॅट्रिक्सला मागे छोटे डिप स्विच (वर-खाली करायचे खटके) आहेत, त्यावर ईडीआयडी कायमचं ४के आणि ५.१ (सराउंड आवाज) असं ठरवून टाकलं, म्हणजे पुढे कोण चालू कोण बंद हे सोर्सला कळतच नाही. दुसऱ्या आउटपुटवर ४केचं १०८०पी तो स्वतः करतो. त्या दिवसापासून आईने टीव्ही कधीही बंद करावा, हॉलमध्ये चित्र हलत नाही. तुमच्याकडे असंच होईल याची खात्री मी देऊ शकत नाही, ज्या मॅट्रिक्सला आउटपुटप्रमाणे वेगळं स्केलिंग (रिझोल्युशन बदलणं) नाही तो शेवटी महागडा स्प्लिटरच ठरतो, त्यामुळे घेताना ते आणि एचडीसीपी २.२ या दोन गोष्टी आधी बघा.

मॅट्रिक्सचेही त्रास आहेत. ईडीआयडीमध्ये ५.१ पक्कं केलं की आतल्या टीव्हीला डॉल्बी वाचता आलं पाहिजे, नाहीतर चित्र येतं आणि आवाजच नाही, आमचा ३२ इंची स्वतःहून स्टिरिओच सांगत असला तरी आलेलं डॉल्बी त्याला सुदैवाने वाचता येतं. स्टिकवर एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) असलं की आतल्या खोलीत चित्र धुतल्यासारखं फिकं दिसतं, कारण तो रिझोल्युशन उतरवतो पण एचडीआर नाही उतरवत. आई स्टिक लावत नाही म्हणून चाललंय. सीईसी मी सरळ बंद केलं, एका रिमोटवर सगळं हवं असेल त्यांना एव्हीआरच बरा. आणि पीएस५वर ४के १२० हर्ट्झ खेळणाऱ्यांनी कन्सोल थेट टीव्हीला लावून आवाज ईआर्कने (टीव्हीकडून आवाज परत पाठवायची एचडीएमआयची सोय) एव्हीआरला आणावा, १८ जीबीपीएसच्या मॅट्रिक्समधून ते जाणार नाही.

वायरचं मात्र दोन्हीकडे सारखंच. आमच्याकडे हॉल ते खोली बारा मीटर, एवढ्या लांब साध्या तांब्याच्या एचडीएमआयवर मी भरवसा ठेवला नसता, म्हणून फायबरवाली आणली. तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं, आणि वायरमनने ती उलटी ओढली. कन्सील्ड पाइपात दोन बेंड, एचडीएमआयचं डोकं प्रत्येक बेंडला अडकायचं, परत काढून ओढण्यात अख्खी दुपार गेली आणि एका टोकाची पिन वाकली ती वाकलीच. शेवटी त्याच पाइपातून कॅट६ (नेटवर्कची वायर) टाकली, ती डोक्याशिवाय जाते आणि क्रिंपिंग, म्हणजे डोकं बसवणं, नंतर करता येतं, दोन टोकांना एचडीबेसटीची जोडी (एचडीएमआय कॅट६वरून नेणारे दोन डबे) लावली. तिच्यातून रिमोटचा सिग्नलही उलटा येतो, आईच्या टीव्हीखाली हरभऱ्याएवढा डोळा चिकटवलाय, त्याच्याकडे रिमोट धरला की हॉलमधला सेटटॉप बॉक्स चॅनल बदलतो. नवीन घराचं काम चालू असेल तर निदान एक इंची पाइप टाकून घ्या आणि वायर मात्र कॅट६च घाला.

आत नुसते चॅनल बघायचे असतील तर सरळ दुसरं कनेक्शन घ्या असंही मला बऱ्याच जणांनी सुचवलं, आणि ते चुकीचं नाही. २०२०मध्ये ट्रायने एकाच घरातल्या पुढच्या कनेक्शनची नेटवर्क फी पहिलीच्या ४० टक्क्यांच्या आत ठेवायला लावली होती, पण चॅनलचे पैसे आणि दुसरा बॉक्स आलाच, आणि आम्हाला ब्लू-रेवरची जुनी नाटकंही आईला तिच्या खोलीत दाखवायची होती.

थोडक्यात माझा कल तुम्हाला कळलाच असेल. मॅट्रिक्स घेणार असाल तर परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, आणि पहिल्याच संध्याकाळी हॉलमध्ये ५.१चं काहीतरी लावून घरातल्या कोणाला तरी आतला टीव्ही पाचदा चालू-बंद करायला सांगा, तुम्ही एव्हीआरच्या काचेवर नजर ठेवा. मग मेन स्विच बंद करून लाइट गेल्यासारखं करा आणि परत आल्यावर आधीचेच सोर्स आधीच्याच खोल्यांत येतात का बघा. काचेवरचं डॉल्बी गेलं तर डिप स्विच बदलून एकदा पुन्हा करा, तरी गेलं तर खोका लगेच पॅक करा.