स्टेम सेलच्या नावाखाली आम्हाला असं गंडवलं

घरात कुणाला एमडीएस (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम) किंवा अप्लास्टिक ॲनिमियासारखा रक्ताचा आजार असेल आणि कुणी 'पेशंटच्याच चरबीतून स्टेम सेल (मूळपेशी) काढून नवं रक्त तयार करून देतो' म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

माझ्या दादाला एमडीएस आहे. यात अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्त तयार करणारा मऊ भाग, बहुतेकदा रिकामी नसते, उलट पेशींनी भरलेली असते. पण त्या पेशी धड पक्व होत नाहीत, बऱ्याचशा मज्जेतच मरतात आणि रक्तात कशाचा ना कशाचा तुटवडा पडतो.

क्लिनिकवाल्याचं बोलणं निम्मंअधिक खरं होतं, गोम तिथेच होती. टिल आणि मॅकलॉक या शास्त्रज्ञांचा 1961 चा प्रयोग त्याने कागदावर चित्र काढून समजावला: किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या, तर त्यांच्या प्लीहेत रक्तपेशींच्या गाठी उगवल्या. सगळं बरोबर. फक्त तिथे मज्जेतल्या पेशी होत्या आणि दादाच्या पोटावरची चरबी काढायची होती, एवढं सांगायचं त्याने टाळलं.

दोन तास खुर्चीत बसवून सलाईनमधून पेशी दिल्या आणि घरी पाठवलं. खऱ्या मज्जा प्रत्यारोपणात आधी केमो देतात, नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे जातात, तोवर संसर्गाच्या भीतीने पेशंटला जपून ठेवावं लागतं. इथे साधा मास्कसुद्धा नव्हता.

मग आला 'चांगला रिपोर्ट'. प्लेटलेट वाढल्या! पण तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, 'रक्तस्राव नको' म्हणून, त्यांनीच आम्हाला नेहमीच्या हॉस्पिटलात प्लेटलेट चढवून यायला सांगितलं होतं. वाढलेला आकडा रक्तदात्याचा होता. काही दिवसांत तो जागेवर आला, तेव्हा म्हणाले, दुसरा डोस घ्या.

आमच्या हिमॅटॉलॉजिस्ट बाईंनी क्लिनिकची फाइल मागवली आणि त्यातल्या एका कागदावर पेनाने दोन ओळींखाली रेघ मारली. पेशींच्या 'शुद्धतेचा' तो रिपोर्ट होता, आम्हाला तो मोठ्या दिमाखात दिला होता. त्यात पेशींच्या पृष्ठभागावरच्या, पेशी ओळखायच्या खुणा होत्या: सीडी73, सीडी90, सीडी105 पॉझिटिव्ह. सीडी34 आणि सीडी45 निगेटिव्ह. रक्त बनवणाऱ्या मूळपेशी ओळखताना सीडी34 बघतात, आणि सीडी45 ही पांढऱ्या पेशींची खूण. या पेशी मेसेन्कायमल. त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी होते, रक्त होत नाही. म्हणजे त्यांच्याच शिक्क्याच्या कागदावर लिहिलं होतं की यातून रक्त तयार होणार नाही! असा कागद तुमच्या हातात असेल तर तो घेऊन आधी रक्तविकारांच्या डॉक्टरकडे जा.

पैसे परत मागितले तर संमतीपत्र पुढे केलं: 'संशोधनात स्वेच्छेने सहभाग, परिणामांची हमी नाही.' चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला, नैतिकता समितीचं पत्र मागितलं. दोन्ही नाही. आणि संशोधन म्हणायचं तर त्याची फी पेशंटकडून कशी घेतली, याला 'वरिष्ठांशी बोला' एवढंच उत्तर.

तक्रार दिली आहे. मधल्या काळात दादाच्या मज्जेतले ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, वाढल्या. आता प्रत्यारोपणासाठी माझ्या पेशी दादाशी जुळतात का हे बघायला माझी एचएलए तपासणी झाली आहे. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता 25 टक्के. रिपोर्ट यायचा आहे.