पाड्रोन २००० की पाड्रोन १९६४? दुप्पट पैशांत नेमकं काय मिळतं

अमेरिकेतल्या बऱ्याचशा सिगारच्या दुकानांत पाड्रोन या ब्रँडच्या दोन पेट्या हमखास शेजारी दिसतात. एक साधी ‘२०००’, दुसरी ‘१९६४ अ‍ॅनिव्हर्सरी’मधली ‘एक्सक्लुझिवो’. जाडी दोन्हींची ५० रिंग, म्हणजे एका इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले पन्नास. लांबी एकीची पाच इंच, दुसरीची साडेपाच. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट. तंबाखूवरचा कर राज्यागणिक बदलतो, म्हणून आकडा सांगत बसत नाही. न्यू जर्सीहून येताना मित्रासाठी यातली कुठली उचलायची, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सिगारच्या किमतीत खालच्या बाजूला एक पायरी आहे, तिथे चार पैसे जास्त टाकले की मालच बदलतो. ती पायरी ओलांडली की पुढचे पैसे बहुतेक वेळेचे असतात आणि दुर्मिळपणाचे.

आधी ती पायरी बघू. अगदी स्वस्तातली एक सिगार वर्तमानपत्रावर ठेवा आणि ब्लेडने उभी चिरा. आतून चुरा पडेल: पानांचे तुकडे, वळताना कापून उरलेली कातरणं. याला शॉर्ट फिलर म्हणतात. आता तशीच पाड्रोन २००० चिरा. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली, मधली शीर काढलेली, लांबीत दुमडलेली पानं मिळतील. दुमडींमधून धूर यायला बारीक वाटा सोडलेल्या असतात. हे लाँग फिलर. त्याभोवती सगळं धरून ठेवणारं बाइंडरचं पान आणि सगळ्यात वर दिसणारं पान म्हणजे रॅपर. लाँग फिलर सावकाश आणि थंड जळतं. चुरा भराभर पेटतो, धूर कडक होतो आणि जिभेवर तंबाखूचे कण येतात. क्युबाचं नाव असलं म्हणून यातून सुटका नाही. होजे एल. पिएद्रा ही क्युबाचीच, हातानेच वळलेली सिगार आहे, पण आत शॉर्ट फिलर आहे आणि किंमतही त्याच मापाची आहे.

पाड्रोन २००० ही पायरी सहज ओलांडते. आत सगळा निकाराग्वाचा, क्युबन बियाण्याचा, उन्हात वाढवलेला तंबाखू. १९६४ मध्येही तोच. नॅचरल (फिकट) आणि मादुरो (गडद) हे रॅपरचे दोन्ही पर्याय दोघींत मिळतात. फरक मुरवण्यात आहे. साध्या मालिकेतला तंबाखू सुमारे अडीच वर्षं मुरवतात, १९६४ मधला चार वर्षं आणि त्याहून वरच्या १९२६ मालिकेतला पाच वर्षं. ताजं पान ढिगात घालून आंबवलं की त्यातला अमोनियासारखा उग्र वास उडून जातो. उरलेली धार गाठोड्यांत पडून राहिल्यावर हळूहळू बोथट होते. मालकाचं भांडवल तेवढी वर्षं गोदामात अडकून पडतं आणि ते व्याज किमतीत येतं. शिवाय १९६४ चौकोनी दाबलेली असते, तिच्यावर दोन पट्ट्या असतात आणि नक्कल ओळखता यावी म्हणून प्रत्येक सिगारला स्वतंत्र क्रमांक असतो. हा खर्चही गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतो.

चवीत हा फरक कळतो, पण दुपटीइतका नाही. कोको, कॉफी, ओल्या मातीचा वास दोघींत आहे. १९६४ ची चव शेवटच्या तिसऱ्या भागातही मऊ राहते, तर २००० तिथे जराशी मिरमिरते. मला तो रांगडेपणा आवडतो. माझ्या पैशांनी घ्यायची असेल तर मी २००० घेईन. आयुष्यात एकदाच, कुणाच्या साठीनिमित्त घ्यायची असेल तर १९६४, कारण मुरलेपणाची चव त्या व्यक्तीलाही कळावी असं वाटतं.

स्वस्तातही इतकं चांगलं पान कुठून येतं, याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. क्रांतीनंतर क्युबात तंबाखूच्या जमिनी आणि कारखाने सरकारजमा झाले आणि पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारी घराणी देश सोडून निघाली. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली, त्यामुळे जगातलं मोठं गिऱ्हाईक क्युबाबाहेरच्या तंबाखूकडे वळलं. होजे ओर्लांदो पाड्रोन यांनी मायामीत सुतारकाम करून ६०० डॉलर जमवले आणि १९६४ मध्ये कारखाना काढला. १९७० मध्ये ते निकाराग्वातल्या एस्तेलीला गेले. १९७८ च्या उठावात तिथला कारखाना जळाला. १९८५ मध्ये अमेरिकेने निकाराग्वावरही निर्बंध लादले, तरी ते मागे फिरले नाहीत. असेच इतर लोक होंडुरासमधल्या दानलीला आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतियागोला गेले. ज्ञान क्युबाचं, पण जमीन आणि मजुरी स्वस्त, आणि बाजारात एकमेकांशी स्पर्धा. पन्नास-साठ वर्षांच्या या मेहनतीमुळे आज एस्तेली किंवा निकाराग्वातल्याच हालापाच्या खोऱ्यातलं उत्तम पान मध्यम किमतीच्या सिगारमध्येही येतं.

याचा पुरावा कारखानदारांच्या जाहिरातीबाहेरही आहे. ‘सिगार अफिशिओनादो’ हे अमेरिकी मासिक सिगारवरची पट्टी काढून, नाव झाकून परीक्षण करतं. २०१० मध्ये त्यांची वर्षातली पहिल्या क्रमांकाची सिगार होती क्युबाची कोहिबा बेहिके ५२. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, तो मान ‘फ्लोर दे लास अंतियास’ला मिळाला. ती निकाराग्वाची होती आणि तेव्हा सात डॉलरच्या आत मिळायची.

आता क्युबाच्या आत तुलना करू, कारण दुबई किंवा लंडनहून येणाऱ्यांपुढे हाच पर्याय असतो. कोहिबा रोबुस्तो, पार्तागास सेरी डी नंबर ४ आणि रामोन आयोनेस स्पेशली सिलेक्टेड. तिन्ही एकाच मापाच्या: १२४ मिलिमीटर, ५० रिंग. कोहिबाच्या फिलरमधल्या काही पानांना पिंपांत तिसऱ्यांदा आंबवतात, बाकीच्या दोन ब्रँडांच्या पानांना दोनदाच. हा फरक खरा आहे, कोहिबाच्या धुरातला गवतासारखा मधाळ वास तिथूनच येतो असं मी मानतो. पण २०२२ मध्ये क्युबन सिगार जगभर विकणाऱ्या हाबानोस कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद या ब्रँडांचे जगभरातले दर हाँगकाँगच्या चढ्या दरांशी जुळवले आणि किमती एका फटक्यात कुठच्या कुठे गेल्या. त्याच सप्टेंबरात इयान वादळाने क्युबातल्या पिनार देल रिओमधली तंबाखू सुकवण्याची असंख्य खोपटी पाडली, त्यामुळे टंचाई आणखी वाढली. आंबवण्याची पद्धत होती तशीच राहिली. आज त्या पैशांत रामोन आयोनेसच्या एकाहून जास्त सिगार येतात आणि चवीची खोली हवी असेल तर मी बिनदिक्कत तीच सुचवतो. अमेरिकेला परतणाऱ्यांनी मात्र क्युबन सिगार सोबत नेऊ नयेत, २०२० पासून प्रवाशांनाही ती मुभा नाही.

कोहिबा घ्यायचीच असेल तर अधिकृत दुकानातूनच घ्या. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कुणी स्वस्तात देत असेल तर ती नकली आहे, कोहिबा अशी पेटी काढतच नाही. भारतात आयात मालावर पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्ररूप इशारा असायला हवा. तो नसेल तर माल चोरट्या मार्गाने आलेला आहे.

आणि तो इशारा खरा आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. धूर छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडातल्या त्वचेतून शरीरात जातं आणि तोंड, घसा, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चार वर्षं मुरवलेलं पान त्यात काहीही कमी करत नाही. जो ओढत नाही त्याला भेट म्हणून सिगार देऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

ओढणाऱ्यासाठी घेताना दुकानात सिगार दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबून पाहा. मध्येच मऊ लागली तर तिथे पान कमी भरलं आहे आणि ती वाकडी जळेल. दगडासारखी लागली तर धूरच ओढला जाणार नाही. रॅपर किंचित तेलकट दिसावं, उकललेलं नसावं. ही परीक्षा चाळीस डॉलरची सिगारही नापास होते आणि नऊ डॉलरची पास होते, कारण वळणाऱ्याचा हात त्या दिवशी कसा होता यावर ते असतं.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात आणलेली सिगार उघडी ठेवली तर किंमत कितीही असो, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ६५ टक्के आर्द्रता राखणारी पुडी टाकून ती घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. पंचविसाच्या वर पारा गेला की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू शकतात आणि रॅपरवर टाचणीएवढी भोकं पडतात. तशी भोकं दिसली तर बाकीच्या सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मगच डब्यात परत.