तडितरक्षक की सर्ज प्रोटेक्टर?

गच्चीवर तांब्याची काठी उभी केली की घरातला टीव्हीही वाचला, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही.

ती काठी म्हणजे तडितरक्षक, आणि तो राखतो ती इमारत. १७५२च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने मांडलेली कल्पना आजही तीच आहे: वीज पडायचीच असेल तर तिला जाड वाहकातून सरळ जमिनीत वाट द्यायची. साधारण ३०,००० अँपिअरचा तो प्रवाह भिंतीतून गेला तर आतला ओलावा क्षणात वाफ होतो आणि प्लास्टर, विटा अक्षरशः उडतात. काठी विजेला हुसकावून लावत नाही, हेही लक्षात घ्या.

सर्ज प्रोटेक्टरचं काम आत, मुख्य बोर्डात. वीज शेजारी किंवा दूरच्या तारेवर पडली तरी व्होल्टेजची लाट वायरिंगमधून आत शिरते. प्रोटेक्टरमधला व्हेरिस्टर नावाचा भाग एरवी गप्प असतो. व्होल्टेज मर्यादेपलीकडे चढलं की तो वाहू लागतो आणि लाट अर्थिंगकडे वळवतो. दरवेळी तो थोडा झिजतो. म्हणून त्यावरची छोटी खिडकी अधूनमधून बघा: बहुतेकांत हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे बदला. जोडणीच्या वायरी मात्र आखूड हव्यात, अर्ध्या मीटरच्या आत. लांब वेटोळी ठेवली तर निम्मा फायदा तिथेच गेला.

एकच घ्यायचं तर? उंच, एकाकी इमारतीला आधी काठी. दाटीतल्या बुटक्या घराला मी आधी प्रोटेक्टर लावेन. काठी असेल तिथे मात्र प्रोटेक्टर हवाच, आणि दोघांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं.