सात महिने, बारा बैल आणि एक नांगरलेलं शेत

एकाच जुन्या चित्राची नक्कल करत तैलरंग शिकता येतात का? सात महिन्यांनंतर माझं उत्तर हो आहे, पण चित्र विचारपूर्वक निवडा.

मी फ्रेंच चित्रकार रोझा बोनर यांचं १८४९ सालचं ‘निव्हर्नेमधली नांगरणी’ घेतलं; निव्हर्ने हा फ्रान्सचा एक भाग. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, २.६ मीटर रुंद, उंचीच्या जवळजवळ दुप्पट. माझा कॅनव्हास ६० बाय ३१ सेंटिमीटर. छापील प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्याच संख्येचे चौकोन आखून रेखाटन केलं. सहा-सहा बैलांच्या दोन रांगा. सुरुवातीला माझा हात प्रत्येकाला वशिंड काढत होता; या शारोले जातीच्या पांढऱ्या फ्रेंच बैलांना ते नसतंच. चौकोनांमुळे मनातला बैल बाजूला ठेवून समोरची रेष बघावी लागते.

खरी परीक्षा पांढऱ्या अंगांची. ट्यूबमधला पांढरा थेट लावला आणि बैल चुन्याचे पुतळे दिसू लागले. सगळं खरवडून काढलं. मग महिनाभर फक्त बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग घेऊन अख्खं चित्र उजेड-अंधारात बसवलं. हे आधीच करायला हवं होतं. त्यानंतर कळलं की उन्हातल्या मातीचा उजेड खालून पोटावर येतो, म्हणून तिथली सावली तपकिरीकडे झुकते आणि आकाशाकडची निळसर राहते. यलो ऑकर (मातकट पिवळा), अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे पांढऱ्यात मिसळूनच बहुतेक अंगं झाली. निव्वळ पांढरा अगदी मोजक्या जागी लागला.

खूर शेवटपर्यंत छळत होते. बैल जमिनीवर ठेवल्यासारखे वाटायचे. रंग लावायच्या नाइफनं मातीचा जाड रंग खुरांवर थोडा चढवला, तेव्हा कुठे त्यांना वजन आलं.

तक्रारीही आहेत. पहिले दोन महिने ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारे आणि लवकर वाळणारे रंग, वापरले. ते वाळल्यावर गडद होतात, त्यामुळे कालची छटा आज जुळत नाही. तैलरंगात हा त्रास गेला, पण थर वाळायची वाट बघावी लागते. स्वस्त पांढरा घेऊ नका, खालचं सगळं दिसत राहतं. पडद्यावर प्रत्येक प्रतीचं आकाश वेगळं. एकच छापील प्रत धरून चाला. आणि मांडणी यातून शिकता येत नाही. क्षितिज कुठे घ्यायचं, मोकळं आकाश किती ठेवायचं, हे सगळं बोनर यांनी आधीच ठरवून ठेवलंय.

म्हणून आता मीच काढलेल्या फोटोतली चरणारी गाय घेतली आहे. क्षितिज तीनदा हलवून झालंय, रंग अजून बर्न्ट अंबरच.