कॅसलरॉक स्टेशन: जमलं तर उतराच

माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे.

गोवा एक्सप्रेसने वास्कोहून मिरज-पुण्याकडे येणारे दूधसागरपर्यंत दारात गर्दी करतात. धबधबा मागे पडला की सगळे जागेवर येऊन खायचे डबे उघडतात, आणि कॅसलरॉक कोणी बघतच नाही. फार वाईट वाटतं.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं, घाटमाथ्यावरचं, जंगलाने वेढलेलं हे लहानसं स्टेशन 1961 पर्यंत हद्दीवरचं होतं. घाटाखाली पोर्तुगीजांचा गोवा, वर आधी इंग्रज आणि मग आपण. खाली कुळ्याला पोर्तुगीज कस्टम, वर कॅसलरॉकला इकडचं. माझी आजी मडगावची, बेळगावात दिलेली. माहेरी जाता-येता दोन्हीकडे ट्रंक उघडावी लागायची. एकदा बाळंतपणाहून परतताना डिंकाचे लाडूसुद्धा फोडून बघितले, हे ती शेवटपर्यंत रागाने सांगायची. 1955 मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली, गाड्या बंद पडल्या. त्या काळात तिचे वडील गेले आणि तिला जाता आलं नाही. गोवा मुक्त झाल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली.

हा मार्ग 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून आला. मुरगाव बंदर दख्खनशी जोडायचं होतं; त्याच तहात गोव्याच्या मिठावर इंग्रजांनी ताबा मिळवला, हेही विसरू नये. 1888 मध्ये मीटरगेज रूळ इथवर पोचले. त्यासाठी डोंगर किती फोडलाय, ते एकामागून एक येणाऱ्या बोगद्यांतून कळतं.

कुळे ते कॅसलरॉक साधारण 26 किलोमीटर, चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. म्हणून कुळ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. खिडकीशी बसून मागून येणारा रेटा अनुभवा: डबा आधी हलकेच पुढे सरकतो, कपलिंग खणखणतात, मग सगळी गाडी एका दमात चढायला लागते. वर पोचेपर्यंत हवा गार झालेली असते. पावसाळ्यात तर फलाटाचं दुसरं टोक धुक्यात दिसत नाही.

अर्धा तारा कापला तो इथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या म्हणून. परतीची वेळ आधी बघून ठेवा, खाण्यापिण्याचं सोबत घ्या आणि रुळांवरून दूधसागरला चालत जायचं डोक्यातसुद्धा आणू नका; त्याला बंदी आहे आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते. घरात त्या काळचं कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना घेऊन जा.