वस्तूंना पाय फुटले, पण पंख गेले

घरातली एखादी गोष्ट जागेवर दिसेनाशी झाली की आपण म्हणतो, तिला पाय फुटले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या २०२४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, हे अक्षरशः घडतं. ‘अ‍ॅनिमेट ऑब्जेक्ट्स’ ही पाचव्या लेव्हलची स्पेल (मंत्र) टाकली की स्टूल, पिंप, टेबल यांना पाय फुटतात आणि ती ३० फूट स्पीडने, म्हणजे दर टर्नला (आपल्या पाळीत) ३० फूट, चालू लागतात. २०१४च्या पुस्तकात ज्या वस्तूला पाय नसत ती चक्क उडायची, तेही ३० फूट, आणि हवेत तरंगत थांबायचीही. पुस्तक ३८४ पानांचं आहे. इथे बघायचंय ते एवढंच: जादूने घडवलेला किंवा उठवलेला जीव पटावर कसा हलतो, आणि हे पुस्तक हाताशी घेऊन तो नीट हलवता येतो का?

जुन्या नियमातली दुखरी जागा आधी सांगायला हवी, नाहीतर नव्याची किंमत कळणार नाही. तेव्हा एका स्पेलमध्ये दहा छोट्या वस्तू जिवंत करता येत. सगळे दहा खंजीर निवडायचे. प्रत्येकाचा एसी (मार लागायला शत्रूच्या फाशाने गाठायचा आकडा) १८, हिट पॉइंट (किती मार सोसणार) २०, हल्ल्याच्या फाशाला +८, नुकसान १डी४+४, म्हणजे चार बाजूंचा एक फासा अधिक चार. दहाही लागले तर सरासरी ६५. हलण्याच्या बाबतीत तर हे खंजीर कशालाच बधत नसत. खड्डा, जिना, नदी सगळं खालीच राहायचं. तरंगत असल्यामुळे पाडले तरी कोसळत नसत. शत्रूच्या बाजूने सगळे एकदम निघाले, तर त्याच्याकडे रिअ‍ॅक्शन एकच, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत पलटवार करायची संधी एकच; निसटताना मार खाणार फार तर पहिला, मागचे नऊ मोकळे. वर दहा वेळा फासे टाकायचे, तोवर बाकीच्यांचा चहा पिऊन व्हायचा.

आता वस्तूंची संख्या तुमच्या स्पेलकास्टिंग मॉडिफायरएवढीच (जादूच्या कसबाचा आकडा). आकार लहानापासून चढत टायनी, स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज. मीडियम किंवा त्याहून लहान वस्तू एक धरायची, लार्ज दोन, ह्यूज तीन. खंजीर काय आणि स्टूल काय, दोघांचे हिट पॉइंट १०, त्यामुळे चिल्लर उधळण्यात फायदा उरला नाही. भिंतीला किंवा जमिनीला जखडलेली वस्तू निवडताच येत नाही. पूर्वी ती निवडता यायची, फक्त तिचा स्पीड शून्य असायचा. साखळदंड जागच्या जागी वळवळवण्याची ती गंमत गेली, याचं थोडं वाईट वाटतं.

एक प्रसंग पटावर मांडून बघू. नवव्या लेव्हलची विझार्ड (जादूगार), मॉडिफायर +५, सराईच्या खोलीत. ती एक मोठं जेवणाचं टेबल (लार्ज, म्हणजे दोन) आणि तीन स्टुलं उठवते. हिशेब पाचाचा, पूर्ण. टेबलाला २० हिट पॉइंट, सगळ्यांचा एसी १५. स्पीड ३० म्हणजे पटावर सहा घरं. तिरकं घरही पाच फुटांचंच, पण भिंतीचा कोपरा कापून तिरकं जाता येत नाही. इथेच पहिली चूक होते: टेबल लार्ज आहे, म्हणजे दोन गुणिले दोन अशी चार घरं अडवतं, आणि पाच फुटांच्या दारासमोर येऊन अडतं. अंग चोरून जाण्याचा नियम २०१४च्या पुस्तकात होता: दर फुटाला एक फूट जास्तीचा, स्वतःच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, समोरच्याच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज. (दोन फासे टाकून पहिल्यात कमी आकडा घ्यायचा, दुसऱ्यात जास्त.) डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तोच नियम चालू ठेवावा, छान चालतो.

दुसरी चूक आकाराची. शत्रूच्या घरातून पलीकडे जायचं तर दोघांत निदान दोन आकारांचा फरक लागतो. त्यामुळे टेबलाला माणसांची रांग भेदून जाता येत नाही, कारण लार्ज आणि मीडियममध्ये फरक एकाचाच. गॉब्लिन मात्र स्मॉल, म्हणून तो टेबलाच्या पायांमधून खुशाल पलीकडे जातो. ते घर त्याला डिफिकल्ट टेरेन, तेव्हा दर फुटाला दोन फूट खर्च, आणि तिथे थांबता येत नाही. आपल्या माणसांना नव्या पुस्तकाने सवलत दिली आहे. दोस्ताचं किंवा टायनी जीवाचं घर आता डिफिकल्ट टेरेन नाही. जुन्या नियमात आपल्याच उठवलेल्या खुर्च्यांच्या गर्दीत आपलाच फायटर अडखळायचा. ही सुधारणा दिसते लहान, पण दर राउंडला जाणवते.

खड्ड्याचं काय? पाय आले म्हणजे उडीचे नियम लागू झाले. या वस्तूंची स्ट्रेंग्थ १६. दहा फूट धावत आलं तर लांब उडी १६ फुटांपर्यंत, जागेवरून निम्मी, ८ फूट. दहा फूट रुंद खंदक ओलांडायचा तर दहा फूट धाव आणि दहा फूट उडी, ३० पैकी २० संपले, पलीकडे दोन घरं उरतात. खंदकाच्या काठाशीच स्टूल उभं असेल तर ८ फुटांची उडी कमी पडते. आधी मागे जावं लागतं, आणि त्या मागे जाण्याचेही फूट मोजायचे. हेच बहुतेक जण विसरतात. चढणं आणि पोहणं दुप्पट खर्चाचं, म्हणजे एका टर्नमध्ये १५ फूट. स्टुलाला शिडी चढता येते का, हे पुस्तक सांगत नाही. तो निवाडा डीएमचा.

खरी मेख स्पीडमध्ये नाही, हुकमात आहे. वस्तूंना ५०० फुटांच्या आत, मनातल्या मनात, टर्नमधली जादाची एकच चाल, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खर्चून हुकूम द्यायचा. कितीही वस्तू असोत, हुकूम सगळ्यांना एकच. एक स्टूल दाराशी आणि दोन तिरंदाजाकडे असं एका हुकमात होत नाही. हुकूम दिला नाही तर त्या डॉज करतात (मार चुकवतात) आणि इजा टाळण्यापुरत्याच हलतात. ‘मिस्टी स्टेप’ ही क्षणात दुसरीकडे सटकण्याची स्पेलसुद्धा बोनस अ‍ॅक्शनच घेते. विझार्ड घेरली गेली आणि सटकली की त्या टर्नला तिची सगळी फौज गप्प. जुन्या स्पेलमध्ये ‘एकदा दिलेला हुकूम काम होईपर्यंत पाळतात’ असं वाक्य होतं. नव्यात ते या स्पेलमधून गेलं, पण मेलेल्यांना उठवणाऱ्या ‘अ‍ॅनिमेट डेड’मध्ये राहिलं. म्हणजे सांगाड्याला एकदा ‘दार राख’ म्हटलं की तो राखत बसतो, स्टुलाला दर राउंडला, म्हणजे दर सहा सेकंदांनी, सांगावं लागतं. मुद्दाम केलंय की नजरचूक, वाचून कळत नाही. आणखी एक धूसर जागा: गप्प बसलेलं टेबल, शेजारून शत्रू निसटला तर त्याला जाता जाता मारायचा फटका, म्हणजे ऑपर्च्युनिटी अटॅक करतं का? आमचं मत, नाही. पण हे खेळ सुरू होण्याआधी ठरवा, भर लढाईत नको.

‘अ‍ॅनिमेट डेड’चा लगाम आखूड आहे, फक्त ६० फूट, बारा घरं. सांगाडा ३० फूट चालतो, डॅश केला (हल्ला सोडून फक्त पळाला) तर ६०. पळणाऱ्याच्या मागे सोडला आणि विझार्ड जागेवरच राहिली, तर दुसऱ्या टर्नला तो हाकेबाहेर. मग ‘त्याला मार’ हा हुकूम तो पाळत राहतो, मधल्या काळात त्या माणसाशी तह झाला तरी. झॉम्बीचा स्पीड २०, म्हणून तो उशिरा सुटतो. हुकमाची हद्द पटावर खडूने आखून ठेवलेली बरी.

‘अनसीन सर्व्हंट’, म्हणजे स्पेलने केलेला अदृश्य नोकर, एका हुकमात १५ फूटच हलतो. ६० फुटांपलीकडे नेणारं काम सांगितलं तर स्पेल संपते. तुम्हीच त्याला सोडून लांब गेलात तर मात्र शब्दशः वाचता ती संपत नाही, आणि वाद इथेच होतात. फमिलियरचं, म्हणजे जादूगाराच्या प्राणीरूपी सोबत्याचं, सोपं आहे. त्याचा स्वतःचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) असतो, हल्ला करता येत नाही, बाकी सगळं येतं. घुबडच घ्या. ६० फूट उडतं आणि शत्रूजवळून निघून जाताना त्याला ऑपर्च्युनिटी अटॅक लागत नाही.

‘कंज्युअर अ‍ॅनिमल्स’मध्ये पूर्वी आठ लांडगे पटावर यायचे. आता तो एकच लार्ज कळप आहे, जीव म्हणून धरायचाही नाही. तुम्ही हललात की त्याला ३० फुटांपर्यंत सरकवायचं. वेळ वाचतो, पण कळपातला एक लांडगा खिंडीत उभा करून वाट अडवणं आता जमत नाही. ते हवं असेल तर ‘समन’ नावाच्या स्पेल बघा. तिथे खराखुरा एक जीव येतो, तुमच्यानंतर लगेच त्याची टर्न, आणि हुकमाला अ‍ॅक्शन लागत नाही. एलिमेंटल (महाभूताचा जीव) निवडताना वारा उडतो, माती जमिनीखालून जाते, पाणी पोहतं, सगळ्यांचा स्पीड ४०. आमच्या मते हलवाहलवीचे सगळ्यात स्वच्छ नियम याच स्पेलचे. ‘पाथफाइंडर’ या अशाच वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत मिनियनला (हुकमातल्या जीवाला) एक अ‍ॅक्शन देऊन दोन मिळवायच्या असतात. तो हिशेब याहून काटेकोर आहे, हेही मान्य करायला हवं.

तक्रार मांडणीबद्दल. स्पेल सातव्या प्रकरणात, घरातून जाण्याचे नियम पहिल्यात, उडी परिशिष्ट सीमध्ये, घुबड परिशिष्ट बीमध्ये. एक स्टूल खंदकापलीकडे न्यायचं तर तीन ठिकाणी बोटं घालून बसावं लागतं. ४९.९९ डॉलर छापील किंमतीच्या पुस्तकात स्पेलशेजारी पानांचे आकडे द्यायला काय हरकत होती?

फक्त वस्तू, सांगाडे आणि फमिलियर खेळवायचे असतील तर पुस्तक घ्यायची घाई नको. २०२५मध्ये आलेलं एसआरडी ५.२, म्हणजे खेळाच्या मूळ नियमांचा खुला संच, फुकट आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, आणि त्यात या तिन्ही स्पेल आहेत. पुस्तक घ्यावं ते समनच्या पूर्ण संचासाठी. मिनिएचर (छोट्या मूर्ती) नसतील तर एक इंची घरांच्या पटावर स्टुलांसाठी चिंचोके ठेवा. कॅरमची सोंगटी तीन सेंटिमीटरहून मोठी, म्हणजे शेजारच्या घरात सांडते. लार्ज टेबलासाठी मात्र स्ट्रायकर चार घरांत आरामात मावतो.